महिनाभरात न भरलेली जखम डॉक्टरला दाखवा



गेल्या पावसाळ्यात नागपुरातल्या एका वस्तीतील विहारात महिला मंडळाची बैठक होती. रक्तदाब आणि साखर या विषयावर बोलायला आम्ही गेलो होतो. बोलणे झाले, चहा झाला, बाया उठून गेल्या. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक मावशी तेवढी थांबली. वय पंचावन्नच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करणारी. सगळ्या गेल्यावर तिने लुगडे थोडे वर घेतले आणि उजव्या गुडघ्याची मागची बाजू दाखवली.

"लहानपणी चुलीतल्या इंगळावर पडली होती जी मी. तेव्हाचा डाग हाय हा. इतकी वर्षं काही त्रास नाही दिला. आता आठ महिने झाले, फुटला तो भरूनच नाही राहिला."

जुन्या भाजल्याच्या वणावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी जखम होती. कडा उचललेल्या, बोटाला कडक लागणाऱ्या. मध्ये फुलकोबीसारखे मांस वर आलेले, धक्का लागला की रक्त यायचे. वास येत होता, म्हणूनच ती मागे बसली होती. आठ महिन्यांत तिने हळद लावली, बोरिक पावडर लावली, औषधाच्या दुकानातून दोन ट्यूब आणल्या आणि बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या जडीबुटीवाल्याचा काळा मलम ९०० रुपयांना घेतला. आपल्या घरांतून अंगारा-भंडारा गेला याचा आम्हाला अभिमान वाटतो, पण हा काळा मलम मात्र अजून घरोघर आहे, तेही सांगितले पाहिजे.

आम्ही म्हणालो, "मावशी, याचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल."

"तेच नाही करायचं मले. कापलं का पसरते म्हणते लोक."

म्हणून या महिन्याचे पान या एका वाक्यासाठी.

लोक असे का म्हणतात

हे वाक्य आम्ही जवळपास प्रत्येक वस्तीत ऐकले आहे आणि ते बोलणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हाला बरोबर वाटत नाही. लोकांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिलेले असते. आमच्याच ओळखीतले एक काका हातगाडी ओढायचे. हाताच्या अंगठ्याजवळ चामखिळीसारखे काहीतरी उगवले. गल्लीतल्या दवाखान्यात ते करंटने जाळले. चार महिन्यांनी तिथेच पुन्हा आले, पहिल्यापेक्षा मोठे. पुन्हा जाळले. तिसऱ्यांदा आले तेव्हा काखेत गाठ होती. मग मोठे रुग्णालय, मोठे ऑपरेशन, आणि वर्षाच्या आत काका गेले. वस्तीत सगळ्यांच्या लक्षात राहिले ते शेवटचे ऑपरेशन. "चांगले हिंडते-फिरते होते, कापले आणि गेले."

पण ऑपरेशनच्या आधीच रोग काखेत पोचलेला होता. दोनदा ती चामखीळ जाळली गेली आणि दोन्ही वेळा तिचा तुकडा तपासायला गेला नाही, कारण जाळल्यावर तपासायला काही उरतच नाही. वर्षभर रोगाला मोकळे रान मिळाले. उशिरा आलेल्या माणसाचे ऑपरेशन मोठे असते आणि गुण कमी येतो. लवकर आलेल्याचे ऑपरेशन इतके लहान असते की शेजारच्याला कळतही नाही, त्यामुळे त्याची गोष्ट वस्तीत कोणी सांगत नाही.

तपासणीसाठी तुकडा काढल्याने त्वचेचा कॅन्सर अंगभर पसरत नाही. टाटापासून तालुक्याच्या सर्जनपर्यंत सगळे आधी तुकडा तपासतात आणि मगच उपचार ठरवतात, ते उगाच नाही.

कोणत्या जखमेकडे, कोणत्या डागाकडे पाहायचे

त्वचेचा कॅन्सर गोऱ्या कातडीच्या लोकांत फार आढळतो. उन्हाने त्यांची कातडी लवकर खराब होते. आपल्या सावळ्या रंगात उन्हाला अडवणारे द्रव्य जास्त असल्याने आपल्याकडे तो त्या मानाने बराच कमी. याचाच एक तोटा असा की आपल्याला तो आठवतच नाही, कधी कधी डॉक्टरलाही नाही. आणि आपल्याकडे होतो तो पुष्कळदा उन्हापेक्षा जुन्या जखमेतून होतो.

भाजल्याचा वण, वर्षानुवर्षे वाहणारी पायाची जखम, हाड सडून बाहेर पू येणारे भोक, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाचा व्रण, यांच्या काठावर कातडी सतत मोडते आणि सतत नवी होत राहते. बहुतेक वेळा काही होत नाही. पण काही जणांत वीस-तीस वर्षांनी तिथल्या पेशी ताळ सोडतात. फ्रान्समधले सर्जन मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा वणातल्या व्रणांचे वर्णन केले होते, म्हणून डॉक्टर आजही याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. आपल्या वस्त्यांत स्टोव्हने, चुलीने, कंदिलाने, उकळत्या पाण्याने भाजलेली माणसे किती आहेत हे वेगळे सांगायला नको. त्या प्रत्येकाने आपला वण महिन्यातून एकदा उजेडात पाहावा. शांत असलेला वण अचानक फुटला, खाजू लागला, कडा जाड झाल्या, तर चार आठवड्यांच्या वर वाट पाहू नये.

बायांसाठी आणखी एक जागा आहे, ती म्हणजे कंबर. परकराची नाडी रोज त्याच ठिकाणी घट्ट आवळली की तिथली कातडी काळी पडते, खाजते, पापुद्रे निघतात. घाम आणि धूळ त्यात भर घालतात. हे जवळजवळ प्रत्येकीला असते आणि प्रत्येकीला कॅन्सर होत नाही, हे आधी सांगतो. पण होऊ शकतो. १९४५ सालीच मुंबईच्या टाटा मेमोरिअलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांच्या अशा कॅन्सरची नोंद केली होती. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी बायांमधल्या अशा रुग्णांना 'साडी कॅन्सर' हे नाव दिले. आणि २०२४ च्या अखेरीस वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध बायांची हकीकत एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापली. पहिली सत्तर वर्षांची, साडीखाली परकर बांधणारी. कुशीवरची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट कसून नेसत आलेली. तिची जखम दोन वर्षांची होती आणि तोवर रोग जांघेतल्या गाठीत गेला होता. लुगडे टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. नाडी रुंद पट्टीची करा, सैल बांधा, बांधायची जागा अधूनमधून बदला, घरी आल्यावर सोडून कंबर कोरडी करा. आणि तिथे न भरणारी चीर पडली तर लाजू नका.

तिसरी जागा तळपाय, तळहात आणि नखाखालची. काळ्या रंगाच्या तिळातून होणारा मेलॅनोमा नावाचा कॅन्सर सगळ्यांत वाईट, कारण तो लवकर पसरतो. सावळ्या आणि काळ्या लोकांत तो उन्हाच्या जागी कमी आणि पायाखाली जास्त होतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग आला. फुटबॉल खेळताना लागले असेल असेच सुरुवातीला वाटले. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा निघाला. डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला, पण त्याने आपल्या धर्मश्रद्धेमुळे नकार दिला. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढून मांडीची कातडी तिथे लावली. रोग पुढे अंगभर गेला आणि ११ मे १९८१ रोजी तो वारला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तेव्हा अंगठा काढला असता तर तो नक्की वाचला असता असे छातीठोक सांगता येत नाही. पण सल्ला काय होता आणि काय घडले, ते असे आहे.

आपल्या लोकांत अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा जन्मापासून किंवा वयाने असतात. त्यांची काळजी नको. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली, काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर दाखवा. तिळाच्या बाबतीत आकार वेडावाकडा होणे, कडा फाटल्यासारख्या दिसणे, एकाच तिळात दोन-तीन रंग येणे, वाढणे, रक्त येणे, या खुणा. जन्मापासूनचा, गुळगुळीत, वर्षानुवर्षे तसाच असलेला तीळ असू द्या.

चेहऱ्यावर, विशेषतः नाकाच्या कडेला आणि डोळ्यांच्या पापणीजवळ, मोत्यासारखी चकाकणारी गाठ येऊन मध्ये खपली धरते, पडते, पुन्हा धरते. हा बेसल सेल नावाचा कॅन्सर. आपल्या रंगात तो काळपट दिसतो, म्हणून तीळ समजून वर्षे जातात. तो सहसा दूर पसरत नाही, पण जागच्या जागी नाक, पापणी, कान कुरतडत राहतो.

तुकडा काढतात म्हणजे नेमके काय करतात

मावशीला आम्ही जसे सांगितले तसेच इथे लिहितो. जखमेच्या कडेला बारीक सुईने भूल देतात. मुंगी चावल्यासारखे, नाही, खरे सांगायचे तर गांधीलमाशी चावल्यासारखे दोन-चार सेकंद झोंबते. मग ती जागा बधिर होते. पेन्सिलीसारख्या, टोकाला गोल धार असलेल्या हत्याराने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. लागला तर एखादा टाका. दहा-पंधरा मिनिटांत माणूस बाहेर. तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीत जातो, तिथे त्याचे पातळ काप करून दुर्बिणीखाली पाहतात. अहवालाला साधारण आठवडा, सरकारी रुग्णालयात थोडा जास्त.

डाग लहान असेल आणि तिळाचा संशय असेल तर तुकड्याऐवजी तो तीळच अख्खा काढून पाठवतात, कारण मेलॅनोमामध्ये पुढचा सगळा हिशेब तो किती मिलिमीटर खोल गेला यावर असतो.

एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा, मग डॉक्टर कितीही घाईत असो: "साहेब, काढलेला तुकडा तपासायला जाणार ना?" चरबीची गाठ असो, चामखीळ असो, काळा मस असो, जे अंगातून कापून निघाले ते बाटलीत जावे, बादलीत जाऊ नये. लेझर आणि करंटने जाळण्याची दुकाने आता रस्तोरस्ती निघाली आहेत. मानेवरच्या लोंबत्या बारीक चामखिळींना ते चालते. पण वाढणारा, रक्त येणारा किंवा पुन्हा उगवलेला डाग न तपासता कोणाला जाळू देऊ नका.

ऑपरेशनचे प्रकार

तुकड्यात कॅन्सर निघाला म्हणजे सगळ्यांना एकच ऑपरेशन असे नसते. प्रकार कोणता, जागा कोणती, किती मोठा, किती खोल, यावर ठरते.

छातीपाठीवरचा लहानसा बेसल सेल डाग कधी खरवडून आणि करंट देऊन संपतो. अगदी वरवरच्या डागांना द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय आहे, हे द्रव उणे १९६ अंशाचे असते. पण यात कडा साफ झाल्या की नाही हे तपासता येत नाही, म्हणून निवडक डागांनाच ते करतात.

बहुतेकांसाठी खरा उपाय म्हणजे डाग त्याच्या भोवतीच्या निरोगी कातडीच्या पट्टीसह कापून काढणे. लोकांना कळत नाही ते इथेच. "गाठ एवढीशी आणि कापले एवढे मोठे!" अशी तक्रार आम्ही ऐकतो. कारण कॅन्सरची मुळे डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असतात. शेतातली हरळी उपटताना आपण दिसणाऱ्या पातीपुरती माती उकरत नाही, तसेच. लहान बेसल सेलला चार मिलिमीटरची पट्टी पुरते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे स्क्वेमस कॅन्सरला चार ते सहा मिलिमीटर, आणि डाग मोठा किंवा धोक्याचा असेल तर एक सेंटिमीटर किंवा अधिक. जुन्या वणातला असेल तर बहुधा दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतकी. मेलॅनोमाला खोलीप्रमाणे एक ते दोन सेंटिमीटर. काढलेल्या भागाला सर्जन टाक्याने खूण करतो, म्हणजे पॅथॉलॉजीवाल्याला वर-खाली, डावी-उजवी बाजू कळते. अहवालात कडा साफ आहेत असे आले की निम्मी लढाई झाली. कडेला रोग उरला असे आले तर पुन्हा थोडे कापावे लागते. यात डॉक्टर चुकला असे दरवेळी नसते.

नाक, पापणी, ओठ इथे एक-एक मिलिमीटर मोलाचा. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात एक रीत काढली. पातळ थर कापायचा, रुग्ण टेबलावर असतानाच तो तपासायचा, जिथे रोग उरला तेवढ्याच बाजूने पुढचा थर घ्यायचा. चांगली कातडी वाचते. भारतात हे मोजक्या ठिकाणी होते. अनेक मोठ्या रुग्णालयांत त्याऐवजी ऑपरेशन चालू असताना कडा गोठवून झटपट तपासतात, त्यानेही पुष्कळ काम होते.

मग राहिला खड्डा. लहान असेल तर दोन्ही कडा ओढून टाके घालतात. मोठा असेल तर मांडीची पातळ साल काढून तिथे लावतात. ग्राफ्ट म्हणतात तो हाच. हाड किंवा शीर उघडी पडली असेल तर शेजारची जाड कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह वळवून आणतात, त्याला फ्लॅप म्हणतात. ग्राफ्टबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती आम्ही सांगतो. लावलेल्या जागेपेक्षा मांडी जास्त दुखते. साल काढलेली जागा म्हणजे मोठे खरचटणेच, ते आग आग होते आणि दोन आठवड्यांत भरते. ती पट्टी आपण होऊन ओढून काढायची नाही, भरले की स्वतःच सुटते. आणि ग्राफ्टवरची पहिली पट्टी साधारण पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतात. घरचे कोणीतरी "बघू तरी" म्हणून उघडते आणि साल हलते, असे होऊ देऊ नका. बिडी-तंबाखू त्या काळात पूर्ण बंद, कारण तिने बारीक शिरा आखडतात आणि साल मरते.

रोग आधी जवळच्या गाठीत जातो. पायाचा असेल तर जांघेत अवधाण आल्यासारखी, हाताचा असेल तर काखेत, चेहऱ्याचा असेल तर मानेत. तिथे गाठ लागली तर बारीक सुईने पाणी ओढून तपासतात. जखमेतल्या पू-जंतूंनीही गाठ येते, म्हणून गाठ दिसली की संपले असे समजू नये. तपासणीत कॅन्सर निघाला तर तिथल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतात आणि पुढे पाय किंवा हात सुजण्याचा त्रास मागे लागू शकतो. काहींना नंतर शेक द्यावा लागतो, म्हणजे रेडिएशन. फार वय झालेल्या आणि ऑपरेशन न झेपणाऱ्या माणसाला कधी कधी शेकावरच निभावता येते.

आणि हाडात शिरलेला असेल तर बोट, पंजा, कधी पाय काढण्याची वेळ येते. हे ऐकताना पोटात कालवते, आम्हालाही. रोजीवर जगणाऱ्या माणसाला पाय म्हणजे रोजी. पण सडलेल्या पायाने माणूस कामाला जातच नसतो, अंथरुणाला खिळलेला असतो, आणि रोग वर सरकत असतो. जयपूर फूट लावून भाजीची गाडी चालवणारे, शिलाईकाम करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. निर्णय रुग्णाचा. मात्र तो अहवाल हातात घेऊन, दोन डॉक्टरांना विचारून घ्यावा, भावकीच्या गलक्यात घेऊ नये.

कुठे जायचे, काय न्यायचे

सुरुवात सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातून करा. नागपुरात मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे तो आहे. अनेक ठिकाणी पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' लिहिलेले असते आणि आपल्या बाया ती पाटी पाहून रांगेतून परत फिरतात. कोणी काय म्हणेल याचा विचार करू नका, मंडळातली एखादी मैत्रीण सोबत न्या. कॅन्सर निघाल्यावर नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय, मुंबईत परळचे टाटा मेमोरिअल, आणि मोठ्या सरकारी महाविद्यालयांचे सर्जरी व प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने बसतात, एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार सोबत हवे. रुग्णालयात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. मंजुरीसाठी तुकड्याचा अहवाल लागतोच, तोवर फाइल हलत नाही. अडचण आली तर योजनेचा निःशुल्क क्रमांक १५५३८८.

दुसऱ्या रुग्णालयात जायचे झाले तर नुसता कागद पुरत नाही. पहिल्या ठिकाणाहून तुकड्याची काच आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. तिथले लोक त्याला स्लाइड आणि ब्लॉक म्हणतात. तो रुग्णाच्या हक्काचा असतो. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूल देण्याआधी सांगा, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मावशीचे पुढे

ती तीन आठवडे आली नाही. चौथ्या आठवड्यात तिची सून तिला घेऊन मेडिकलला गेली, आम्ही सोबत होतो. तुकडा काढून झाल्यावर मावशी डॉक्टरिणीला म्हणाली, "झालं? एवढंच होतं?" नऊ दिवसांनी अहवाल आला, स्क्वेमस कॅन्सर. जांघेत एक गाठ लागत होती. सुईच्या तपासणीत ती जंतूंची निघाली आणि औषधाने बसली. हाड शाबूत होते. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केले आणि भोवतीच्या दोन सेंटिमीटर वणासह जखम काढली, मांडीची साल लावली. गुडघा आखडू नये म्हणून मागून प्लास्टरची पट्टी बांधली. बारा दिवस ती वॉर्डात होती. कडा साफ आल्या.

काम मात्र दोन महिने सुटले. चारपैकी दोन घरांनी तिच्यासाठी थांबायची तयारी दाखवली, दोघांनी दुसरी बाई लावली. तो खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. महिला मंडळाने भिशीच्या पैशातून किराणा भरला, तेवढ्यावर घर चालले.

आता दर तीन महिन्यांनी तिला दाखवायला जावे लागते. दोन वर्षे असेच, मग पाच वर्षे होईपर्यंत सहा महिन्यांनी. मधल्या काळात दर रविवारी आंघोळीनंतर ती वणाच्या कडेवरून आणि जांघेतून बोट फिरवून पाहते. डॉक्टरिणीने तिला तसे शिकवले आहे. गेल्या बैठकीला ती पुढच्या रांगेत बसली होती. बैठक संपल्यावर एका म्हातारीचा हात धरून तिने आमच्यापुढे आणून उभे केले आणि म्हणाली, "हिच्या कमरेला पाहा जी जरा. सहा महिने झाले म्हणते."